पलीकडच्यांनी आखलेला काठ

वैनगंगेच्या अलीकडे कोसमघाट, पलीकडे मोहटोली. अलीकडचा जिल्हा चंद्रपूर, पलीकडचा गडचिरोली. मधे नदी, आणि दिवाळीनंतर पाणी उतरलं की नदीत वाळूचं लांबच लांब बेट. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जाते. शिवी दिली तर जरा जास्तच स्पष्ट ऐकू जाते. दोन्ही गावं एकमेकांना पाण्यात पाहत आणि निसर्गाने त्यासाठी भरपूर पाणी दिलं होतं.

कोसमघाटच्या नगराध्यक्षा वच्छलाबाई आणि मोहटोलीचे नगराध्यक्ष हेमराजभाऊ हे तर नात्याने विहीण-व्याही. इकडच्या बोलीत ईन आणि इवाई. वच्छलाबाईंची करिष्मा हेमराजभाऊंच्या घरात दिलेली. ईन-इवायांचं भांडण म्हणजे तोंडभर गोड बोलायचं आणि पान खाताना चुना जास्त लावून द्यायचा. ते त्या दोघांनी लग्नापासून इमानेइतबारे चालवलं होतं.

एके काळी दोन्ही गावांत वर्दळ होती. इकडच्या बायका तिकडच्या दवाखान्यात जात, तिकडची पोरं इकडच्या कॉलेजात येत आणि शुक्रवारच्या बाजाराला डोंगे भरभरून माणसं उतरत. मग खाली, बरंच दूर, हमरस्त्याचा मोठा पूल झाला. त्या दिवशी दोन्ही गावांनी फटाके फोडले. पुढे सगळी रहदारी त्या पुलावरून सुसाट निघून गेली, माणसांचे डोंगे बंद पडले आणि समोर दिसणाऱ्या गावाला जायला एसटीने दीड तासाचा फेरा पडू लागला. आपल्याच मरणाचे फटाके फोडणारी अशी गावं दुसरीकडे सापडायची नाहीत.

सगळ्यात आधी मेली ती घाटगल्ली. तिथे वच्छलाबाईंचे यजमान मुखरूभाऊ यांचं सायकलचं दुकान होतं, हळदीसारख्या पिवळ्या शटरचं. मुखरूभाऊ गेले आणि शटर जे खाली आलं ते आलंच. मुलगा विक्की कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात लागला. यंदा दिवाळीला आला तेव्हा त्याने आईला सरळ सांगितलं, "आई, तिकडे खोली पाहून ठेवली. संक्रांत झाली की तुले घेऊन जातो."

"मी नगराध्यक्षा आहे रे. गाव सोडून कुठी जाऊ?"

"गाव राहीन तं नगराध्यक्षा राहशीन ना."

वच्छलाबाईंना ते इतकं लागलं की त्यांनी त्याच्या पुढ्यातला अनारसा उचलून परत डब्यात टाकला. पण पोरगा खोटं बोलत नव्हता. शाळेचा एक वर्ग यंदा भरलाच नव्हता आणि घाटगल्लीत दिवसासुद्धा कुत्री निवांत झोपत.

नाही म्हणायला एक आशा होती. नदीकाठच्या जोडगावांना पुन्हा उभं करायची सरकारी योजना आली होती. नवा घाट, मासळीबाजार, नाटकाचं मैदान, आणि मुख्य म्हणजे माणसं आणि सायकली जातील असा पूल. अट एकच : दोन गावं, एक नदी, एक आराखडा. दोन्ही नगरपंचायतींनी मिळून करायचा. जमलं नाही तर योजना वरच्या अंगाच्या दुसऱ्या जोडगावांना जाणार होती आणि ती गावं हात धुऊन तयारच बसली होती.

आराखड्यासाठी नूतन नावाची नियोजनकार नेमलेली होती. ऊर्जानगरच्या वसाहतीत वाढलेली, वडील वीज केंद्रात. पहिल्या दिवशी तिने "जयभीम बाई" म्हटलं, वच्छलाबाईंनी "जयभीम बेटा, रामराम" म्हणून चहा पाजला आणि लगेच स्पष्ट केलं, "आमची बाजू आम्ही काढून देऊ. नदीच्या मधापर्यंत. पलीकडचं पलीकडचे पाहतीन."

"बाई, एकत्र बसून काढूया," नूतन म्हणाली.

"एकत्र बसलो तं ते आमचं पाहून चोरतीन."

नूतन मोहटोलीला गेली. तिथे हेमराजभाऊंनी तिला हेच वाक्य ऐकवलं, फक्त चहाऐवजी सरबत होतं. दोन्ही गावांनी आपापले इंजिनियर गाठले, आपापले नकाशे काढले आणि बैठकीच्या क्षणापर्यंत गुंडाळून काखेत धरून ठेवले.

बैठक योजनेच्या मोठ्या साहेबांसमोर झाली. नूतनने दोन्ही नकाशे टेबलावर ठेवून नदीच्या मधोमध कडेला कडा जुळवली. कडा जुळली, पण पूल जुळला नाही. कोसमघाटचा अर्धा पूल वरच्या अंगाला, वच्छलाबाईंच्या लाडक्या नव्या बाजारापासून निघून नदीच्या मध्यावर येऊन थांबला होता. मोहटोलीचा अर्धा पूल खालच्या अंगाला, हेमराजभाऊंच्या वॉर्डातल्या देवळापासून निघून मध्यावर थांबला होता. दोन अर्ध्या पुलांच्या मधे हाटेल, पानठेला आणि एक एसटी स्टँड बसेल एवढं अंतर होतं.

साहेबांनी एका अर्ध्या पुलावरून बोट फिरवत नदीच्या मध्यापर्यंत आणलं. मग म्हणाले, "लोकांनी इथपर्यंत चालत यायचं आणि मग काय, पोहायचं?"

चहा देणारा शिपाई फिसकन हसला. वच्छलाबाईंचे कान तापले. हेमराजभाऊ छताचा पंखा फिरतोय का ते पाहू लागले, जणू हा पूल तिसऱ्याच कुणाचा होता. साहेबांनी संक्रांतीनंतरची तारीख दिली आणि ती शेवटची, असं बजावलं.

घरी येताना वच्छलाबाईंनी नकाशाची गुंडाळी जीपमधे पायाखाली टाकली. नाक कापलं जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे, की विक्कीचं म्हणणं खरं होऊ घातलं होतं.

चार दिवसांनी वाळू वाटायचा दिवस आला.

हा रिवाज त्या दोन गावांचाच. पुराने दर वर्षी बेट नव्याने रचलं जातं. गेल्या साली जिथे टरबुजांची उत्तम वाडी होती तिथे यंदा डोह, आणि डोहाच्या जागी वाळू. त्या वाळूत नदीकाठची घरं टरबूज, काकडी, डांगर लावतात. वाळू कुणाच्याच मालकीची नाही, म्हणून वाटणी दर साली करावी लागते, आणि ती करायची एक जुनी रीत आहे : मोहटोलीच्या वाड्या कोसमघाटवाल्यांनी आखायच्या आणि कोसमघाटच्या वाड्या मोहटोलीवाल्यांनी. हातात बांबूची काठी, वाळूत ओढलेली रेघ, आणि सगळ्या वाड्यांवरून काठी फिरेपर्यंत त्या काठाच्या माणसाने या काठाच्या माणसाशी बोलायचं नाही. कुणी कुणाला वाईट वाडी देत नाही. कारण इकडे आपण त्याची रेघ ओढत असतो तेव्हा तिकडे आपली काठी त्याच्या हातात असते.

वच्छलाबाई लग्न होऊन आल्यापासून वाडी लावत होत्या. नगराध्यक्षा झाल्या म्हणून टरबूज गोड लागायचं थांबत नाही. यंदा नेमकी हेमराजभाऊंच्या घरची वाडी आखायची पाळी त्यांच्यावर आली. काठी हातात घेतली आणि मनात आलं, देऊन टाकावी या इवायाला गोटाळ जागा, दगडच पिकव म्हणावं. त्यांनी वळून पाहिलं. दूर हेमराजभाऊ वच्छलाबाईंच्याच वाडीची रेघ ओढत होते आणि तेही नेमके वळून पाहत होते.

वच्छलाबाईंनी मुकाट्याने चांगली, ओलसर वाळू धरून रेघ ओढली. घाम पुसायला उभ्या राहिल्या आणि समोर त्यांना त्यांचं स्वतःचं गाव दिसलं.

नगराध्यक्षा झाल्यापासून त्यांनी कोसमघाट नदीवरून पाहिलंच नव्हतं. वाडीत येत त्या खाली मान घालून येत, खाली मान घालून जात. आज पाहिलं. गावाने नदीकडे पाठ केली होती. जुन्या घाटावर कचऱ्याचा डोंगर, त्यावर डुकरं, आणि वरून गल्लीतली नाली सरळ पाण्यात. डोंगे बंद झाल्यापासून घाट म्हणजे गावाची कचराकुंडी झाली होती. नाकाला पदर लावून तिकडून जायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तो घाट आहे हेच गाव विसरलं होतं. त्यांनी मोहटोलीकडे पाहिलं. तिकडे जुन्या घाटावर तस्साच डोंगर. तो मात्र त्यांना रोज दिसत असे आणि रोज त्या त्याला नावं ठेवत. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, इथे तर दोन्हीकडे मुसळंच होती.

काठी फिरली आणि माणसं बोलू लागली. वच्छलाबाई तरातरा हेमराजभाऊंकडे गेल्या. नदीची रुंदी मोजायला आलेली नूतनही तिथेच उभी होती.

"इवाईबुवा, तुमचा काठ आम्ही काढू, आमचा तुम्ही काढा. वाडीसारखा."

हेमराजभाऊंनी काठी खाली टेकवली. "काय म्हनता? माझं गाव मी तुमच्या हाती देऊ?"

"मी पोटची पोरगी तुमच्या हाती देली. तुमाले काठ देता येत नाई?"

करिष्मा सासऱ्यांच्या मागे टरबुजाचं बी घेऊन उभी होती. ती बी निवडायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. हेमराजभाऊ हट्टी होते, पण नाठाळ नव्हते. सून घरात आल्यापासून तिला ते कधी वावगं बोलले नव्हते आणि ते वच्छलाबाईंना ठाऊक होतं, म्हणूनच तर तो बाण त्यांनी काढला होता.

"बरं," ते म्हणाले. "पन रीत मंग पुरी पाळायची. काठी फिरेपर्यंत बोलायचं नाई."

नूतनचे डोळे चमकले. "मला चालेल," ती म्हणाली. "मी दोन्हीकडे फिरीन, मापं घेईन, आणि तोंडाला कुलूप लावीन."

पुढचे दिवस दोन्ही गावांना कधी विसरता येणार नाहीत. कोसमघाटच्या बाया मासळीवाल्यांच्या डोंग्यातून मोहटोलीला उतरू लागल्या, मोहटोलीची माणसं इकडे येऊ लागली. दोरी धरून गल्ल्या मोजायच्या, काठावर फिरायचं, नूतनला सांगायचं, ती काढणार. पण पाहुणे घर पाहायला येणार म्हटल्यावर कुठला यजमान पसारा तसाच ठेवील? मोहटोलीवाल्यांनी पहिल्याच दिवशी काठ झाडून काढला. ते कळल्यावर कोसमघाटने झाडलाच, वर सडाही टाकला. नगरपंचायतीच्या इतक्या नोटिसांनी जे झालं नव्हतं ते ईन-इवायाच्या लाजेने झालं.

खरी परीक्षा मात्र शेवटी आली. मोहटोलीच्या काठावर पुलाचं टोक कुठे टेकवायचं, हे वच्छलाबाईंना ठरवायचं होतं. नगरसेवकांनी त्यांना बाजूला घेतलं. "बाई, डाव आपल्या हाती आला. टोक वरच्या अंगाले टेकवा, आपल्या नव्या बाजाराच्या बरोब्बर सामने. मंग पुलाले दुसरीकडे जाताच येत नाई."

मोह झाला. खोटं कशाला सांगावं, चांगलाच झाला. नवा बाजार वच्छलाबाईंनीच बांधवला होता आणि त्यातले निम्मे गाळे रिकामे होते. त्यांनी मोहटोलीच्या वरच्या अंगाला उभं राहून पाहिलं. मागे नुसती बाभळीची झाडं. मग सोबतच्या बायांना विचारलं, "तुम्ही इथी पुलावरून उतरल्या तं कुठी जासान?"

"इथी कायले उतरू?" सुगंधाबाई म्हणाली. ही घाटगल्लीतली, तीन लेकरांची माय, आणि तिन्ही लेकरं मोहटोलीच्याच दवाखान्यात झालेली. "आपल्याले दवाखान्यात जायचं रायते. तो तं जुन्या घाटाच्या वर आहे. बाभळीखाली उतरून काय काटे मोजू?"

बाया खदखदून हसल्या. वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्या काठाकाठाने चालत जुन्या घाटावर आल्या, नुकत्याच झाडलेल्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नूतन, टोक इथी काढ."

नव्या बाजारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी सोडलं. आणि आता हेमराजभाऊंनी पलीकडून टोक दुसरीकडे टेकवलं, की पूल पुन्हा मोडला, योजना गेली, संक्रांतीनंतर विक्की खोलीची किल्ली घेऊन दारात. एकदा न राहवून वच्छलाबाईंनी नूतनला विचारलंच, "बेटा, एवढं सांग, पूल जुळते का?"

नूतनने पेन्सिल कानावर खोवली. "बाई, काठी फिरेपर्यंत बोलायचं नाही. रीत तुमचीच."

तारखेला मोठ्या साहेबांचं दालन खचाखच भरलं होतं. दोन्ही गावांची माणसं भिंतीला चिकटून उभी होती. मागच्या वेळी हसलेला शिपाई आज ट्रे घेऊन मुद्दाम पुढे येऊन थांबला होता. नूतनने दोन नकाशे काढले, टेबलावर ठेवले आणि हळूहळू एकमेकांकडे सरकवले. वच्छलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

कागदाची सळसळ थांबली. मग साहेबांचा आवाज आला. "वा!"

वच्छलाबाईंनी डोळे उघडले. पूल या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेला होता, एका रेषेत, जुन्या घाटापासून जुन्या घाटापर्यंत. डोंग्याची जुनी वाट होती ती. आपापल्या बाजूने काढताना जी कचऱ्याखाली कुणालाच दिसली नव्हती, ती पलीकडच्यांना सहज दिसली होती. कारण पलीकडच्यांना तिथून नुसतं जायचं असतं.

"आमच्याइकडचेही म्हनत होते, देवळाच्या सामने घ्या," हेमराजभाऊ घसा खाकरून म्हणाले. "पन आमच्या पोरायले कॉलेजात जायचं, बायायले बाजारात. अन् सूनबाई म्हने, बाबा, माह्या माहेरचं दार घाटगल्लीतच आहे."

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. कोसमघाटच्या पुलाच्या टोकाशी एक छोटासा चौकोन होता, पिवळ्या रंगात भरलेला. "हे काय?"

"ते मुखरूभाऊचं दुकान," हेमराजभाऊ म्हणाले. "सकारी ते पिवळं शटर वर गेलं का आमच्या काठावरून दिसे. आमी समजून जाऊ, कोसमघाट उठलं. ते नाई तं घाट कसा वाटीन?"

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. ज्या काठाला त्या जन्मभर नावं ठेवत आल्या, त्या काठाने रोज सकाळी त्यांच्या दुकानाकडे पाहिलं होतं. त्या रडल्या, भर दालनात, साहेबांसमोर, आणि त्यांना त्याची मुळीच लाज वाटली नाही. ठराव वाचला गेला. दोन्ही गावांचे हात वर गेले, भिंतीला चिकटलेल्यांचेही, ज्यांना मताचा अधिकार नव्हता त्यांचेही. शिपायाने ट्रे खाली ठेवून आपलाही हात वर केला.

परत येताना वच्छलाबाईंनी जीप मोहटोलीच्या घाटावर सोडली. "मोठ्या पुलावरून कोन जाईन? आज डोंग्यानं जायचं." डोंग्यात त्या, करिष्मा, नूतन आणि सोडायला म्हणून निघालेले हेमराजभाऊ. घाटावर डफड्यांचा गजर, पलीकडे कोसमघाटच्या पायऱ्यांवर माणूसच माणूस. बातमी फोनवरून केव्हाच पोचली होती.

डोंगा निम्म्यात आला नाही तोच हेमराजभाऊंनी विषय काढला. "ईनबाई, पुलाले मोहटोलीचा पूल म्हनायचं बरं का."

"काऊन? कोसमघाटचा पूल म्हनायचा!"

"बाबा, आई, तुम्ही कायले भांडून राह्यले?" करिष्मा म्हणाली. "आई इकडून निघन तं म्हनन मोहटोलीचा पूल. बाबा तिकडून निघन तं म्हनन कोसमघाटचा. मानूस जिथी जाते त्याचंच नाव घेते."

नूतन इतकी हसली की डोंगा डुलला.

तेवढ्यात पलीकडून एक आवाज आला. करकर, घर्रर्र, लोखंड लोखंडावर घासल्याचा. गंज चढलेलं काहीतरी जोर लावून उचलल्याचा. डफडी वाजायची थांबली. वच्छलाबाईंनी मान वर केली. घाटाच्या वर, गल्लीच्या तोंडाशी, पिवळं शटर अडखळत, थांबत, पुन्हा जोर घेत वर चाललं होतं. खाली विक्की होता, दोन्ही हात डोक्यावर, मान आखडलेली. आईला न्यायला आलेला पोरगा. शटर वर जाऊन धडकलं आणि आतला काळोख उघडा पडला.

हेमराजभाऊ डोंग्यात उभे राहिले, तोल सांभाळत, आणि तोंडाशी हात धरून त्यांनी हाक मारली, "ओ विक्की! हवा भरून देशीन का रे?"

नदीवरून उत्तर आलं, अगदी स्पष्ट, "या ना मामाजी! पंप साफ करून राह्यलो!"